आज काय वेगळं?



या अंकाची शेवटची आठ पानं पाककृतींना दिली आहेत. गोडाचे पदार्थ आहेत, तिखटाचे आहेत. खानदेशातले खापरावरचे मांडे आहेत, गोव्याचं खतखतं आहे, ठाण्याच्या एका बेने इस्रायली मैत्रिणीने पाठवलेला पोह्यांचा मलिदा आहे, आणि घरी केलेल्या नूडल्सही आहेत. अंकाच्या बैठकीत यावरून चांगलीच जुंपली. इतकी वर्षं बायकांना चुलीपासून थोडं दूर सरकता यावं म्हणून आपण बोललो, आता आपणच हातात पळी घेऊन उभ्या राहणार का, असं काहीजणींचं म्हणणं होतं. पाककृतींच्या मासिकांचा, पुरवण्यांचा आणि आता मोबाइलवरच्या चित्रफितींचा एवढा पूर आलेला आहे, त्यात आपली आठ पानं कशाला, हा दुसरा आक्षेप. पण नोकरी करणाऱ्या मैत्रिणींनी आणि खेड्यांतून येणाऱ्या कार्यकर्त्यांनी एक मुद्दा लावून धरला. दिवसाचे तीन-चार तास ज्या कामात जातात, त्याचा उल्लेख आपल्या अंकात मारहाणीच्या बातमीपुरताच यावा, एरवी त्याबद्दल एक ओळही नसावी, हे बरोबर नाही. हा मुद्दा टिकला. मात्र पाककृती छापायच्या त्या आपल्या पद्धतीने, असं ठरलं. ती पद्धत काय आणि का, हे सांगण्यासाठी यावेळचं संपादकीय.

‘आज काय वेगळं?’ हा प्रश्न शहरांतल्या आणि तालुक्याच्या गावांतल्या अनेक घरांत आता रोजचा झाला आहे. आपल्या आज्यांना तो फारसा कुणी विचारला नसेल. भाकरी नाहीतर पोळी, एक भाजी, आमटी किंवा पिठलं, असेल तर भात, सणाला गोड. त्या स्वयंपाकात कष्ट कमी होते असं मुळीच नाही. जातं होतं, पाणी दुरून आणायचं होतं, डोळ्यांत धूर होता. पण काय शिजवायचं हे ऋतू आणि ऐपत ठरवत असे, घरातल्या बाईच्या कल्पकतेची रोज परीक्षा होत नसे. आता आठवड्यात एकदा इडली, एकदा पावभाजी, मुलांच्या डब्यात पास्ता, रविवारी पनीर नाहीतर बिर्याणी, आणि मधल्या दिवशी ‘चायनीज’. शिवाय भाकरी-भाजी आहेच, ती काही गेलेली नाही.

हे पदार्थ घरात आले कसे? माटुंग्याला रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ साली सुरू झालं. अशा उडुपी हॉटेलांनी इडली-डोसा आधी नोकरदार पुरुषांच्या ताटात आणला. फाळणीनंतर आलेल्या पंजाबी निर्वासितांनी तंदूर आणि दाट रश्श्याच्या भाज्या शहरोशहरी नेल्या. पण हॉटेलातला पदार्थ घरच्या ओट्यावर येतो तो बहुतेक वेळा शेजारणीमुळे. चाळीत, कॉलनीत, रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये एक तामिळ बाई आणि एक मराठी बाई गॅलरीत उभ्या राहून डाळ-तांदळाचं प्रमाण सांगतात, आणि त्या बदल्यात पुरण कसं शिजवायचं ते सांगितलं जातं. भाषा निम्मी कळते, हाताच्या खुणांनी पुढचं भागतं. या देवाणघेवाणीची नोंद कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकात होत नाही. राष्ट्रीय एकात्मतेवर भाषणं देणाऱ्यांनीही तिची कधी दखल घेतलेली नाही, पण ते असो.

मग आली यंत्रं. प्रेशर कुकर, गॅस, मिक्सर, फ्रिज. यंत्रांमुळे बाईचा वेळ वाचला, असं आपण सगळ्याच ऐकत आलो. पाटा-वरवंट्यावर डाळ वाटलेली बाई मिक्सरला नावं ठेवणार नाही, आम्हीही ठेवत नाही. पण अमेरिकेतल्या इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात एक गोष्ट नीट दाखवून दिली. तिथल्या घरांत यंत्रांनी जी कामं संपवली, त्यांतली बरीचशी पुरुषांची, मुलांची आणि नोकरांची होती: लाकूड फोडणं, दळण आणणं, पाणी भरणं. बाईच्या वाट्याचं काम सोपं झालं तसं त्याचं प्रमाणही वाढलं, आणि तिचे तास जवळजवळ तेवढेच राहिले. आपल्याकडचं उदाहरण घ्या. मिक्सर नव्हता तेव्हा महाराष्ट्रातल्या किती घरांत दर आठवड्याला इडलीचं पीठ वाटलं जात होतं? मिक्सर आला आणि पीठ वाटणं शक्य झालं. शक्य झालं म्हणून अपेक्षित झालं.

आता पाककृतीच्या भाषेकडे या. कुठलंही पुस्तक उघडा. साहित्य: दोन वाट्या सोललेले वाल, एक वाटी खवलेला नारळ, दोन बारीक चिरलेले कांदे, चार तास भिजवून वाटलेली डाळ. त्यानंतर ‘कृती’ सुरू होते आणि पंधरा-वीस मिनिटांत पदार्थ तयार होतो. पण बिरडं करणारीला विचारा. कडवे वाल रात्री भिजत घालायचे, उपसून फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. दोन दिवस आधीपासून डोक्यात हिशेब लागतो. घरात पाहुणे असतील तर सोलायला बसणाऱ्या आणखी दोघीतिघी लागतात, आणि त्या दोघीतिघींत पुरुष सहसा नसतो. हे सगळं काम पुस्तकात एका शब्दात बसवलेलं असतं: ‘सोललेले’. कोणी सोलले, ते नाही. ‘खवलेला’, ‘चाळलेलं’, ‘निवडलेली’, ‘दळलेलं’ या विशेषणांच्या मागे अख्खी सकाळ लपलेली असते.

गोडाचंही तेच. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी उपसून कापडावर सुकवायचे, किंचित ओलसर असतानाच कुटायचे, चाळायचे, गूळ किंवा साखर घालून गोळा करून ठेवायचा, तो काही दिवस मुरू द्यायचा, आणि मग खसखशीवर थापून मंद आचेवर जपून तळायचे. तुपात विरघळले तर सगळं वाया, आणि वर बोलणी. दिवाळीच्या फराळाच्या ताटात तो अनारसा चकली, करंजी, शेव, चिवडा, लाडू यांच्या शेजारी दोन घासांचा. ताट बघणारा म्हणतो, यंदा अनारसे जरा कडक झालेत नाही?

किती वेळ जातो याचे आकडे आता सरकारकडेच आहेत. केंद्राच्या सांख्यिकी खात्याने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या मुली आणि स्त्रिया यांच्यापैकी ८१.२ टक्के जणी रोज घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करत होत्या. पुरुषांमध्ये हे प्रमाण २६.१ टक्के. काम करणाऱ्यांत बाईचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं, पुरुषाचा ९७. म्हणजे जे मोजके पुरुष घरकाम करतात, त्यांचाही वेळ बायकांच्या एकतृतीयांश. हीच पाहणी २०२४ मध्ये पुन्हा झाली. बायकांची मिनिटं २८९ झाली. आनंद व्हावा, तर शेजारच्या रकान्यात पुरुषांची मिनिटंही ८८ वर उतरलेली. बाईची दहा मिनिटं कुणी वाटून घेतली, असं या आकड्यांवरून तरी दिसत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका दाव्यात या पाहणीचा आधार घेतला, आणि गृहिणीच्या कामाची किंमत धरलीच पाहिजे असं सांगितलं. निकाल महत्त्वाचा आहे. फक्त तो यायला बाई आधी मरावी लागली. जिवंतपणी तिच्या कामाची किंमत विचारली, तर संसाराचा हिशेब मांडते म्हणून टोमणे बसतात.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेला एक दावा आपल्यापैकी अनेकींना आठवत असेल. २०१३ साली पंढरपूरला एका नवऱ्याने बायकोच्या डोक्यात हातोडा घातला, आणि ती पुढे दवाखान्यात मेली. तिने चहा करून दिला नाही म्हणून राग अनावर झाला, हा त्याच्या बाजूचा युक्तिवाद. चहा करायला नकार देणं ही चिथावणी ठरू शकत नाही, बायको ही नवऱ्याच्या मालकीची वस्तू नव्हे, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं आणि त्याची शिक्षा कायम ठेवली. २०२१ साली उच्च न्यायालयाला हे लिहून ठेवावं लागलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नवऱ्याने बायकोला मारणं कोणकोणत्या कारणासाठी योग्य वाटतं, असा एक प्रश्न बायकांनाही आणि पुरुषांनाही विचारतात. त्या कारणांच्या यादीत ‘नीट स्वयंपाक करत नाही’ हे एक असतं. मीठ कमी पडल्यावरून मार खाल्लेल्या बायका आपल्या सल्ला केंद्रांत येतात, त्यांना ही यादी वाचून दाखवायची गरज नाही.

हे सगळं खरं असताना स्वयंपाक म्हणजे निव्वळ जाच, असं म्हणून मोकळं व्हायला मात्र आम्ही तयार नाही. पुष्कळजणींना स्वयंपाक आवडतो. नवीन पदार्थ जमला की होणारा आनंद हा नवऱ्याचं पोट भरण्याचा आनंद नसतो, तो स्वतःला काहीतरी आल्याचा असतो. मराठीतलं सुरुवातीचं छापील पाकशास्त्राचं पुस्तक, १८७५ सालचं ‘सूपशास्त्र’, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं, म्हणजे पुरुषाने लिहिलेलं. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणीमित्र’मध्ये हजार पाकक्रिया लिहून काढल्या. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली. वाटी आणि चमचा ही मापं घेऊन तिने किती सुनांना सासूच्या ‘अंदाजे घाल’मधून सोडवलं, याची मोजदाद नाही. परमुलखात संसार थाटलेल्या, आई जवळ नसलेल्या, नोकरीवरून येऊन ओट्याशी उभ्या राहिलेल्या मुलींना ‘रुचिरा’ने कुणाला न विचारता शिकण्याची सोय करून दिली. ज्या बाईला एकटीने गावाबाहेर जायची मुभा नव्हती, तिने पुस्तकावरून केक भाजला, तर त्यातल्या हौसेला हसायचं कारण नाही.

तरीही विचारायला हवं, की या पुस्तकांत ‘महाराष्ट्रीय’ म्हणून कोणाचं ताट मांडलेलं आहे? शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं, तेव्हा मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाला पहिल्यांदा असं पुस्तक मिळालं. त्यात तेला-तुपाचा सुकाळ नाही, कारण तो घरातच नव्हता. वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या आहेत. जे टाकून दिलेलं ते खाण्याजोगं आणि चवीचं करण्याचं ज्ञान आहे, आणि ते बहुतांशी बायकांच्या हातचं. त्याआधी २००९ साली पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दलितांच्या अन्नाच्या आठवणी गोळा करून इंग्रजीत पुस्तक केलं. या दोन्हींतला प्रश्न साधा आहे. इटालियन पास्ता आपल्या ओट्यावर सहज येतो, मेक्सिकन येतो, थाई येतो. मग गावकुसाबाहेरच्या घरातली भाजी इतकी वर्षं का आली नाही? आणि २०१५ च्या कायद्याने बैल-वळूंचं मांसही बंद झाल्यावर त्या घरांच्या ताटातून काय गेलं, याची चौकशी पाककृतींच्या किती पुरवण्यांनी केली?

पदार्थ कुठचाही चालतो, हात मात्र पारखून घेतला जातो. २०१७ साली पुण्यात एका उच्चशिक्षित बाईने सोवळ्याच्या स्वयंपाकाला ठेवलेल्या बाईविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली: तिने जात लपवली, आपण ब्राह्मण सवाष्ण आहोत असं सांगितलं. गौरी-गणपतीच्या, श्राद्धाच्या जेवणात चवीला काही कमी पडलं नव्हतं. तक्रार पुढे मागे घेतली गेली. पण पोटासाठी दुसऱ्याच्या घरी रांधणाऱ्या बाईला जात झाकावी का लागावी, हा प्रश्न पोलीस ठाण्याच्या वहीत लिहिण्यासारखा होता आणि तो कुणी लिहिला नाही. सोवळ्या-ओवळ्याचा एवढा अभिमान बाळगणाऱ्यांच्या उपासाच्या खिचडीकडे एकदा बघा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणे, बटाटा, मिरची, चारही दक्षिण आणि मध्य अमेरिकेतून आलेले. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी यातलं काहीच इथल्या एकादशीला नव्हतं.

घराबाहेर हेच काम केलं की त्याला पैसे मिळतात, म्हणजे त्याची किंमत ठरवता येते हे उघड आहे. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गिरगावच्या सात जणींनी १९५९ साली ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेलं लिज्जत पापड सगळ्यांना ठाऊक आहेच. पण आजची स्वयंपाकाला जाणारी बाई? ‘सगळ्या प्रकारचा स्वयंपाक येणारी हवी’ अशी मागणी असते. पोळी-भाजीच्या दरात तिने पास्ता, पनीर आणि केक शिकून यायचा, तोही स्वतःच्या वेळात. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, संघटना बांधली. २००८ मध्ये राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. किमान वेतनासाठी झगडा अजून चालूच आहे. शाळेत मुलांना खिचडी रांधणाऱ्या बायकांचं तर विचारूच नका. केंद्राने २००९ साली त्यांचं मानधन महिना १००० रुपये ठरवलं, तेही वर्षातले १० महिने. राज्यांनी आपापल्या परीने भर घातली, पण केंद्राचा तो आकडा पुढे दीड दशक जागचा हलला नाही. ‘मानधन’ म्हटलं की वेतन द्यायला नको.

तर आपली पद्धत अशी ठरली. शेवटच्या आठ पानांत साहित्य आणि कृती यांच्याबरोबर प्रत्येक पदार्थाखाली चार गोष्टी दिल्या आहेत. एक, पदार्थ कोणाकडून शिकला: आई, सासू, शेजारीण, पुस्तक, हॉटेल, जे खरं असेल ते, आणि त्या घराचा मुलूख नि समाज, सांगायची तयारी असेल तर. दोन, खरा वेळ. भिजवणं, निवडणं, सोलणं, वाटणं आणि मागची भांडी धरून. बिरड्याला पाठवणाऱ्या मैत्रिणीने सोलण्याचे २ तास ५ मिनिटं लिहिले आहेत, ते आम्ही तसेच छापले आहेत. तीन, कोणी काय केलं. नूडल्सच्या पाककृतीत भाज्या मुलाने चिरल्या, नूडल्स त्याच्या वडिलांनी परतल्या, आणि ओटा कोणी पुसला त्या जागी रेघ आहे. ती रेघ आम्ही काढलेली नाही, पत्रातच होती. चार, करणारी जेवायला कधी बसली आणि तिच्या वाट्याला किती उरलं.

पाठवणाऱ्या काहीजणींनी चौथ्या रकान्याबद्दल नाराजी कळवली. घरातलं बाहेर कशाला, असं एकीने लिहिलं आहे. रकाना भरण्याची सक्ती नाही, पण कोरा असेल तर कोराच छापू. घरातल्या पुरुषांकडून पाककृती आल्या तर त्यांनाही हेच चार रकाने. रविवारी बिर्याणी करणाऱ्या बाप्यांनी किती पातेली काढली आणि ती कोणी घासली, हे दुसऱ्या रकान्यात यायलाच हवं.

पुढचा अंक दिवाळीच्या आधी निघेल, म्हणून फराळाच्या पाककृती आत्ताच पाठवा. बचत गटाने फराळ विकायला केला असेल, तर किलोमागे लागलेले तास आणि मिळालेला भावही लिहा. घरी केला असेल तर मांडणीची तक्रार करणाऱ्यांची वाक्यं नकोत, तेवढी जागा आमच्याकडे नाही. यंदा काही पदार्थ करायचे नाहीत असं घरात ठरवलं असेल, तर ते कसं ठरलं, कोण काय बोललं, आणि त्या दिवसांत तुम्ही काय केलंत, तेही पाठवा. त्यासाठी एक पान राखून ठेवलं आहे.